जमिनीतून निघालेल्या बाटल्या : ओळख, मोल आणि कायदा

बंगळुरूच्या जुन्या छावणी भागात घराचा पाया खणताना किंवा जलवाहिनीसाठी चर काढताना काचेच्या बाटल्या निघाल्या, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिशांनी १८०९ साली ही छावणी वसवली. सैनिकांसाठी सोडा, बिअर आणि औषधे बाटल्यांतून येत असत आणि रिकाम्या किंवा फुटक्या बाटल्या खड्ड्यांत टाकल्या जात. खडकी, देवळाली किंवा बेळगाव येथील छावण्यांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. अशी बाटली मजुराच्या हातून भंगारवाल्याकडे गेली की तिचे मोल काचेच्या वजनावर ठरते. संग्राहक मात्र तिच्यासाठी कितीतरी अधिक रक्कम मोजावयास तयार असतो. हा फरक बाटली ओळखता येण्यावर अवलंबून आहे.

वय ठरवताना प्रथम बाटलीचे तोंड पाहावे. साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी शिवणीसारखी रेघ उमटते. ही रेघ मानेपाशीच संपत असेल, तर बाटलीचे तोंड कारागिराने हाताने घडवले आहे असे समजावे. रेघ थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेली असल्यास बाटली सामान्यतः यंत्रावर तयार झालेली असते. पूर्णतः स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स याने १९०३ च्या सुमारास प्रचारात आणले. भारतात हाताने फुंकण्याचे काम त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. त्यामुळे केवळ या रेघेवरून नेमके वर्ष सांगणे धाडसाचे ठरेल. तळाशी ओबडधोबड गोल व्रण असल्यास बाटली बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची असते.

रंगावर फारसा भरवसा ठेवू नये. गडद निळा रंग व अंगावरील उंच रेघा ही बहुधा विषारी द्रव्याच्या बाटलीची खूण असते. अंधारातही हाताला धोका कळावा, हा त्यामागील हेतू होय.

सर्वाधिक फसगत होते ती गोटी सोड्याच्या बाटलीबाबत. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकाच्या प्रारंभी तिचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते, हे तिचे तत्त्व. परंतु अशा बाटल्या उत्तर प्रदेशातील सासनी येथे अगदी अलीकडच्या काळापर्यंत बनत होत्या. म्हणून केवळ गोटी पाहून ती शंभर वर्षांपूर्वीची मानणे चूक ठरते.

काचेत उमटवलेली अक्षरे हा सर्वांत मोलाचा पुरावा होय. थॉमस लीशमन याने १९१५ साली दक्षिण भारतातील पाच बिअर कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली. त्यापूर्वीच्या एखाद्या कारखान्याचे अथवा स्थानिक सोडा कारखान्याचे नाव असलेली बाटली संग्राहकाला बिननावाच्या दहा बाटल्यांहून प्रिय असते. महाराष्ट्रातही तळेगावचा पैसा फंड काच कारखाना किंवा ओगले काच कारखाना यांची खूण असलेल्या वस्तूंना असेच महत्त्व आहे.

जमिनीतील ओलाव्याने काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. तो घासून काढण्याची घाई अनेकजण करतात आणि तेथेच किंमत घटते. कोमट पाणी व मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे. आम्ल वापरू नये. बाटली कोठे व किती खोलीवर मिळाली, याची नोंदही जपून ठेवावी. जागा ठाऊक नसलेली बाटली केवळ शोभेची वस्तू उरते.

विक्रीपूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. दुसऱ्याच्या जागेत परवानगीविना खणणे गुन्हा ठरू शकते आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात तर खोदकामास मनाईच आहे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती प्रशासनाला देण्याची तरतूद कर्नाटकाच्या १९६२च्या निधी कायद्यात आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी ग्राहकाला बाटली विकावयाची असल्यास ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे.