कलम सोळातले पुस्तक

मावळातले वराळे हे तळेगाव दाभाड्याच्या शेजारचे गाव. अशा गावांतले शिक्षक रंगीत कागद, तक्ते, गोष्टींची पुस्तके बाजारातून पुष्कळदा पदरमोड करून आणतात. त्या खरेदीची पावती कोणी मागत नाही. कायद्याने ती कधी मागितली होती काय, याचा शोध घेता उत्तर होकारार्थी निघाले, याचे आम्हांला नवल वाटले.

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १६ नुसार, कर्तव्यासाठी आवश्यक अशी पुस्तके व प्रकाशने यांवर पगारदाराने प्रत्यक्ष केलेला खर्च ५०० रुपयांच्या मर्यादेत उत्पन्नातून वजा होई. ही सवलत केवळ शिक्षकांसाठी नव्हती. पण पुस्तक हे ज्याच्या कामाचे हत्यार, त्याला ती सर्वांत जवळची. १९७४ च्या वित्त कायद्याने पुस्तके, प्रवास इत्यादी निरनिराळ्या वजावटी एकत्र करून 'प्रमाणित वजावट' आणली: पहिल्या १०,००० रुपयांवर २० टक्के, पुढील पगारावर १० टक्के, कमाल ३,५०० रुपये. पावत्यांची कटकट संपली; तिच्याबरोबर कायद्यातले पुस्तकही गेले. २००५ मध्ये ही वजावटही रद्द झाली. २०१८ मध्ये ती ४०,००० रुपयांची होऊन परतली, तेव्हा तिने प्रवासभत्ता व वैद्यकीय खर्चाच्या सवलतींची जागा घेतली. पुस्तकाची आठवण कोणाला झाली नाही.

अमेरिकेने याच्या उलट वाट धरली. तेथे २००२ पासून शालेय शिक्षकांना वर्गसाहित्याच्या खर्चापोटी २५० डॉलरची स्वतंत्र वजावट मिळू लागली. २०२२ मध्ये ती ३०० झाली.

तशी वजावट येथेही मागावी काय? घाईने 'होय' म्हणवत नाही. वजावटीचा लाभ कर भरणाऱ्यालाच होतो. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या योजनेतील प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढून दरमहा १६,००० रुपये झाले. वर्षाचे हे १,९२,००० रुपये करपात्र मर्यादेच्या खालीच राहतात. ज्याला पदरमोड सर्वाधिक जाणवते, त्याच्या हाती करसवलतीतून काहीच पडत नाही. त्याला हवे ते शाळेकडून वेळेवर येणारे साहित्य.

तरीही त्या ५०० रुपयांचे मोल आम्हांस केवळ रकमेत मोजता येत नाही. शिकविणाऱ्याचे पुस्तक ही त्याची हौस नसून त्याच्या कामाचा खर्च आहे, हे राज्यसंस्थेने एकदा लिहून ठेवले होते. प्रमाणित वजावटीत रक्कम वाढली. ते वाक्य मात्र परत आले नाही.