आणलेली माणसं आणि आलेली एक

मंडळी, ज्या गावात आपला जन्म गेला ते गाव पैसे देऊन कुणाकडून तरी "बघायचं", ही कल्पना मला आधी गमतीचीच वाटली. पण नाशिकची माझी भाची नवरा आणि दोन मुलांना घेऊन आली होती आणि तिनं येण्याआधीच फोनवरून एक गाइड ठरवून टाकला होता. गाइड म्हणजे इथल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला इतिहास शिकणारा एक मुलगा. रविवारी आणि सुट्टीत तो हे काम करतो. एका वेळी एकच कुटुंब घेतो, अर्धा दिवस फिरवतो. भाची म्हणाली, "मावशी, तूही चल, तो चुकला तर सांग." मी शाळेत तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, तेव्हा ही जबाबदारी मी आनंदानं घेतली! चूक काढायची वेळ आली नाही, हे आधीच सांगून टाकते.

बहुतेक लोक रत्नदुर्गापासून सुरुवात करतात. भगवतीचं देऊळ, तटबंदी, दीपगृह, खाली मिरकरवाड्याच्या होड्या, फोटोला छान. यानं मात्र आम्हाला आधी मांडवीच्या जेटीवर नेलं आणि मुलांना विचारलं, "इंग्रजांना एखाद्या माणसाला जगाच्या नजरेआड करायचं असेल, तर ते त्याला कुठे ठेवतील?" धाकटी म्हणाली, "जेलमध्ये." तो म्हणाला, "जेलच्या बाहेर लोक जमतात गं. घोषणा देतात. त्यापेक्षा असं गाव शोधायचं जिथे कुणी सहज पोचणारच नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं, कारण रत्नागिरीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचं कुलूप याच किल्लीनं उघडतं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये. कोल्हापूरला रेल्वे १८९१ सालीच आली होती, पण तिथून इथे यायचं तर आंबा घाट उतरून. खरा रस्ता समुद्राचा. आमच्या लहानपणीसुद्धा मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या तिच्यापर्यंत न्यायच्या. पावसाळ्यात तेही बंद. मुंबईत नोकरीला असलेले माझे वडील पावसाळ्यात फक्त पत्रांतूनच भेटायचे. मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे गाव किती आडवळणाचं असेल, विचार करा.

तर या आडवळणाच्या गावात एप्रिल १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा आला. आला म्हणजे आणला गेला. वय सत्तावीस. बरोबर पट्टराणी सुपायलत, तिची बहीण असलेली धाकटी राणी, लहान मुली आणि थोडे नोकरचाकर. याची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे, हे फार जणांना माहीत नसतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी तिकडच्या जंगलातून सागवान काढायची. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेल्याचा ठपका ठेवून थिबाच्या दरबारानं तिला १८८५ साली जबर दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. फ्रेंच तिकडे पाय रोवतील ही धास्ती होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा इरावती नदीतून वर गेल्या आणि महिना पुरा व्हायच्या आत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला. राजाला आधी मद्रासला ठेवलं, मग रत्नागिरीला.

भाचीच्या मोठ्या मुलानं विचारलं, "त्याला मारून का नाही टाकलं?" प्रश्न लहान मुलाचा, पण नेमका. मारला की तो हुतात्मा होतो. देशात ठेवला की त्याच्या नावानं बंड होतं. दूर नेऊन पेन्शन दिली की हळूहळू विसरला जातो. इंग्रजांनी हे आधी एकदा करून पाहिलं होतं. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी १८५८ साली रंगूनला पाठवलं आणि तो १८६२ मध्ये तिथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. नकाशावर माणसांची अदलाबदल करायची ही त्यांची रीतच होती.

मांडवीहून टिळक आळीत. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, इथला. वडील गंगाधरपंत शिक्षक (म्हणजे आमच्याच पेशातले!), त्यांची १८६६ मध्ये पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ गाव सोडून गेला. ते कौलारू घर, अंगण, माजघर सगळं मुलांनी शांतपणे पाहिलं. मग गाइडनं त्यांना एक हिशोब घातला. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा कधी झाली? १९०८. कुठे ठेवलं? मंडालेला. सुटले कधी? १९१४. आणि त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा कुठे होता? मुलं एकदम ओरडली, "इथे!"

हा योगायोग रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यानं पुढे एक धागा जोडला तो मला आवडला. टिळकांचा तुरुंग मंडालेच्या किल्ल्यातच होता, म्हणजे थिबाच्या राजवाड्याभोवतीच्या तटाच्या आत. गीतारहस्य लिहिलं गेलं ते तिथे, १९१०-११ च्या हिवाळ्यात. आणि इथे राजा नव्या राजवाड्यात राहायला गेला तो नोव्हेंबर १९१० मध्ये. एकाच हिवाळ्यात रत्नागिरीचा मुलगा राजाच्या तटाच्या आत पेन्सिलीनं पानं भरत होता आणि राजा रत्नागिरीत सरकारनं बांधलेल्या घरात सामान लावत होता. दोघांना एकमेकांचं गाव सक्तीनं मिळालं होतं. जून १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ते त्यांना तुरुंगातच कळलं. त्याच साली इथे थिबाची धाकटी राणी वारली.

पतितपावन मंदिरात फार वेळ गेला नाही, पण विषय तोच. सावरकरांना जानेवारी १९२४ मध्ये सोडलं ते दोन अटींवर, राजकारण करायचं नाही आणि रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही. ते बंधन १९३७ पर्यंत राहिलं. सर्व जातींना खुलं असलेलं हे देऊळ भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं आणि ते १९३१ साली उघडलं. गाइड म्हणाला, "गाव हीच कोठडी होती." मुलगा नेमकं बोलतो. परीक्षेत चांगले गुण पडत असणार.

मग थिबा पॅलेस. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, लाकडावरचं कोरीव काम, आणि मागे भाट्याच्या खाडीपर्यंत मोकळी नजर. आत आता सरकारी संग्रहालय आहे. लोकांना वाटतं, राजानं इथे थाटात आयुष्य काढलं. पण हिशोब करा. तो इथे तीस वर्षं होता, त्यातली पहिली चोवीस जुन्या बंगल्यांत गेली. राजवाडा मिळाला शेवटची सहा वर्षं. दारावर पहारा, पेन्शन सरकारच्या हातात, खर्च भागेना म्हणून बरोबर आणलेले दागिने आणि रत्नं विकायची. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. राणीला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकारनं ते होऊ दिलं नाही. मार्च १९१९ मध्ये राजा आणि धाकटी राणी यांना इथेच समाधी मिळाली आणि त्यानंतर बाकी कुटुंबाला रंगूनला परत जायची परवानगी मिळाली.

समाधी आता वस्तीच्या मधोमध आहे. आजूबाजूला इमारती, वाळत घातलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, तेव्हा पुष्कळ रत्नागिरीकरांना हा रस्ता पहिल्यांदा कळला. इथे गाइड जरा थांबला आणि थोरल्या राजकन्येबद्दल सांगू लागला.

तिचं नाव फाया जी. गावात आली तेव्हा पाच-सहा वर्षांची. वाढली इथेच. ब्रह्मदेशातल्या राजकुळाशी गाठ पडायची सोय नाही आणि इतर कुणाशी लग्न राजाला मान्य नाही, अशा कात्रीत तिचं तरुणपण गेलं. राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंताशी तिचं मन जुळलं. तो विवाहित होता. १९०६ च्या सुमारास तिला मुलगी झाली, टूटू.

इथे माझे भाचेजावई हळूच म्हणाले, "हे राहू दे आता, मुलं आहेत." गाइडनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग तू. शाळेच्या पुस्तकात राजांच्या पाच-पाच राण्या वाचतात ती. यात काय धक्का बसायचाय?" तो म्हणाला, "बाई, बरेच लोक हेच ऐकायला येतात आणि हेच ऐकून हसतात. म्हणून मी आधी माणसं बघतो आणि मग सांगतो."

मग त्यानं पुढचं सांगितलं. १९१९ मध्ये सगळं कुटुंब गेलं, तशी तीही रंगूनला गेली. मायदेश, आई, आपली भाषा, सगळं तिकडे. आणि थोड्याच काळात ती टूटूला घेऊन रत्नागिरीला परत आली. कुणी आणली नाही. स्वतःहून आली. पुढचे दिवस सुखाचे गेले असंही नाही. हलाखीतच गेले. १९४७ साली ती इथेच वारली. टूटू मराठी बोलत, इथल्याच चालीरीतींत, गरिबीत जगली. लग्न केलं, संसार केला आणि २००० साली गेली. तिला पाहिलेली माणसं आजही गावात आहेत.

ही गोष्ट आम्ही दोन तऱ्हांनी ऐकत आलो. एक तऱ्हा बाजारातली, "राजाची पोर आणि पहारेकरी." दुसरी हळहळीची, "कुठे राजकन्या आणि कुठे ती खोली!" दोन्हींत ती बिचारी गंमत नाहीतर कीव होऊन बसते. पण आदल्या तीन तासांत पाहिलेली माणसं आठवा. थिबाला इथे आणलं. सावरकरांना इथे अडकवलं. टिळकांना इथल्या मातीपासून हजारो मैल दूर मंडालेला नेलं. इतिहासाच्या पुस्तकात मोठी झालेली ही सगळी माणसं दुसऱ्याच्या हुकुमानं हललेली आहेत. सगळ्यांत रत्नागिरीचं तिकीट स्वतः काढलं ते फक्त या बाईनं. तिच्या निर्णयात शहाणपण किती होतं, यावर वाद घाला हवा तर. पण तो तिचा होता. बापाच्या तुरुंगाचं गाव तिचं माहेर झालं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी रंगून तिला परकं वाटलं असेल तर नवल काय? आयुष्यातली तेहतीस वर्षं तिनं इथला पाऊस पाहिला होता.

मला वाटतं, एखाद्या गावानं स्वतःबद्दल अभिमानानं सांगावं असं यात पुष्कळ आहे. आमच्याकडे कोण कोण बंदिवान होते, हे आम्ही उत्साहानं सांगतो. आमच्याकडे कोण राहायला आलं, हेही सांगायला हवं.

नंतर एक छोटीशी गोष्ट घडली. भाचेजावयांना विषयात रस वाटू लागला होता. ते म्हणाले, "वंशज इथेच राहतात ना? घर दाखव की. थोडे जास्त देऊ." मुलगा म्हणाला, "नाही काका. मला बरेच जण विचारतात. पण ती माणसांची घरं आहेत. पॉइंट नाहीत. बघायला राजवाडा आहे." हे त्यानं न रागावता सांगितलं आणि आम्हाला थिबा पॉइंटवर घेऊन गेला. भाचेजावयांनाही ते पटलं असावं, कारण निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बीएला आम्हाला सनावळ्या होत्या, तह होते, कारणं आणि परिणाम होते. कुणाच्या दारात किती जायचं, हे शिकवणारा पेपर तेव्हा नव्हता, आताही नसावा. हा मुलगा ते कुठे शिकला कोण जाणे. पण तो ते जाणतो, म्हणून त्याच्या तोंडची टूटूची गोष्ट हसण्यावारी जात नाही.

परतताना मी त्याला विचारलं, "पुढे काय रे?" म्हणाला, एमएला पुण्याला जायचंय, नाही जमलं तर मुंबईत चुलत्याकडे, काम बघायचं. मी विचारलं, "परत येशील?" तो हसला. "बघू बाई." कोकणातल्या कुठल्या घरात हा प्रश्न आणि हे उत्तर झालेलं नाही? आमच्या आळीतली निम्मी घरं गणपतीपुरती उघडतात. हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. हे वाचणाऱ्या माझ्या भाचवंडांपैकी अर्धी मुंबई-पुण्यात आणि दोघं तर सातासमुद्रापार आहेत! रत्नागिरी माणसं बाहेर पाठवण्यात पहिल्यापासून तरबेज. म्हणूनच मला राहून राहून वाटतं, जी स्वतःहून परत आली तिची गोष्ट इथल्या मुलांना माहीत असावी. तिच्यासारखं करा म्हणून नव्हे. परत येणं हाही एक निर्णय असतो आणि तो कुणी तरी केला होता, एवढं कळावं म्हणून.

असो. फार लांबलं. दिवाळीच्या सुट्टीत कुणी येणार असाल तर आधी कळवा, म्हणजे त्या मुलाचा रविवार धरून ठेवते. उन्हाची टोपी आणा, समाधीपाशी सावली कमी आहे. आणि वंशजांचं घर विचारू नका, तो दाखवणार नाही. मीही नाही.