पूर ओसरल्यावर : बंगाल १९२२ आणि गुजरात १९२७

पुराचा इतिहास सांगताना आपण बहुधा पाण्याची पातळी सांगतो, मृतांचा आकडा सांगतो आणि थांबतो. पण पूर चार-आठ दिवसांत ओसरतो. गावाला पुन्हा उभं राहायला वर्ष, दोन वर्षं लागतात. त्या काळात सरकारव्यतिरिक्त कोण तिथं होतं आणि त्यांनी नेमकं काय केलं, हे आज आपण दोन उदाहरणांतून बघणार आहोत.

पहिलं उदाहरण उत्तर बंगालचं. १९२२ सालच्या सप्टेंबरअखेरीस तिथं अतिवृष्टी झाली आणि राजशाही, बोगरा हा सगळा भाग पाण्याखाली गेला. हा भाग आज बांगलादेशात आहे. तेव्हाची राजकीय परिस्थिती लक्षात घ्या. फेब्रुवारीत चौरीचौरानंतर असहकार आंदोलन थांबलेलं, मार्चपासून गांधीजी तुरुंगात. गावोगावी तयार झालेले स्वयंसेवक होते, पण त्यांच्या हाताला काम नव्हतं.

अशा वेळी पुढं आले ते आचार्य प्रफुल्लचंद्र राय. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वय ६१. आदल्याच वर्षी खुलन्याच्या दुष्काळात त्यांनी मदतकार्य उभं केलं होतं. आता ते बंगाल मदत समितीचे प्रमुख झाले आणि कलकत्त्याचं सायन्स कॉलेज हेच समितीचं ठाणं बनलं. जिथं प्रयोग चालायचे तिथं विद्यार्थी कपड्यांचे गठ्ठे बांधू लागले. प्रत्यक्ष पूरग्रस्त भागात, सांताहारला, कामाची धुरा एका २५ वर्षांच्या तरुणाकडे होती. आयसीएस सोडून आलेला आणि नुकताच तुरुंगातून सुटलेला हा तरुण म्हणजे सुभाषचंद्र बोस.

समितीला लोकांनी पैसे का दिले? एक तर राय यांच्या साध्या राहणीवर आणि सचोटीवर लोकांचा भरवसा होता. आणि दुसरं, सरकारी मदत अपुरी पडते आहे ही भावना सर्वत्र होती. म्हणजे देणगी देणं हीसुद्धा त्या काळात एक राजकीय कृती होती.

अन्न-वस्त्र वाटून झाल्यावर पुढं काय, हा खरा प्रश्न. राय यांचं उत्तर होतं चरखा. पीक गेलेल्या घरात चार पैसे यावेत म्हणून आत्राई भागात सूतकताईचं काम सुरू झालं. रवींद्रनाथांना चरख्याचा हा आग्रह पटत नव्हता आणि १९२५ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहून जाहीर टीका केली. हा वाद महत्त्वाचा आहे. मदत करणारी संस्था स्वतःचे विचार बरोबर घेऊनच येते, आणि घेणाऱ्याला काय हवंय हे कधी कधी देणाराच ठरवून टाकतो.

पण बंगालमध्ये आणखी एक प्रश्न विचारला गेला : पाणी इतके दिवस थांबलं का? लोक बोट दाखवत होते रेल्वेच्या भरावांकडे. रूळ उंच, मोऱ्या कमी, मग पाणी जाणार कुठून? सरकारी बाजू अतिवृष्टीवर भर देत होती. पुढं प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी पावसाच्या आणि पुराच्या जुन्या नोंदी तपासल्या. पाणी अडवून धरण्यासाठी खर्चिक तलाव बांधावेत, अशी एक सूचना होती. महालनोबीसांनी आकडेवारीनं दाखवलं की त्यानं फारसं साधणार नाही. गरज होती ती पाण्याचा निचरा लवकर होण्याची.

आता १९२७ सालच्या गुजरातकडे या. तेव्हा गुजरात आणि आपण एकाच मुंबई इलाख्यात होतो. जुलैच्या अखेरीस तिथं प्रचंड पाऊस झाला. मातीची घरं कोसळली, नुकतीच केलेली पेरणी वाहून गेली. वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि गुजरात काँग्रेसचेही नेते होते. त्यांनी धान्य पोचवलं, पण त्याबरोबर बियाणंही पोचवलं. शेतकऱ्याचं गणित साधं असतं बघा : पंधरवड्यात दुबार पेरणी झाली नाही तर वर्षभर अन्नछत्र चालवावं लागेल. शिवाय लोकांकडून जमलेल्या निधीवर घरं उभी राहणार नाहीत हे ओळखून त्यांनी पुनर्बांधणीसाठी सरकारला तिजोरी उघडायला लावली.

पुढच्याच वर्षी बारडोलीचा सत्याग्रह झाला. रविशंकर महाराजांसारखे पूरकार्यातले कार्यकर्ते तिथंही होते. हिशेब ठेवणं, गाववार याद्या करणं, निरोप वेळेत पोचवणं, ही सगळी सवय पुरानं लावली होती.

या दोन्ही उदाहरणांतून आम्हाला तीन कामं वेगळी काढता येतात : जीव जगवणं, उपजीविका उभी करणं आणि पूर का आला हे विचारणं. पहिलं काम समाज आजही मनापासून करतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे मदतीची रीघ लागली होती. दुसरं काम थोड्या संस्था करतात, कारण तोवर बातम्या थांबलेल्या असतात. तिसऱ्याच्या वाट्याला अलमट्टीचा फुगवटा, पूररेषेतली बांधकामं असे अवघड वाद येतात आणि देणगीदारांना ते नकोसे वाटतात.

पण तिसरं काम टाळलं की पहिलं पुन्हा करावं लागतं. सांगलीनं २००५ पाहिलं, २०१९ पाहिलं आणि लगेच २०२१ही पाहिलं. म्हणून पुढच्या वेळी मदत देताना आपण त्या संस्थेला एवढं जरूर विचारूया : सहा महिन्यांनी तुम्ही तिथं असाल का, आणि तेव्हा काय करत असाल?