कर्ण्याला लावलेले माप

जत्रेत पालखीपुढे तुतारी वाजते आणि जवळच खांबावर ध्वनिक्षेपकाचा कर्णा गर्जत असतो. दोन्हींची घडण एकच : मागे अरुंद, पुढे पसरट. आता सांगा, कर्णा आवाज मोठा करतो म्हणजे नेमके काय करतो? पदरचा जोर तर तो घालत नाही. ती नुसती पोकळ नळी!

हात हवेत हलवून पाहा. काही जड लागत नाही. पाण्यात हलवा, लगेच ओझे जाणवते. मोकळ्यावर थरथरणाऱ्या लहान पडद्याची हीच अडचण असते. हवा बाजूंनी निसटते, पडदा रिकामा हलतो. कर्णा लावला की हवेला निसटायला वाट उरत नाही. पडद्यावर ओझे येते आणि ओझे आले तरच काम होते. नांगर न जुंपता बैल शेतात फिरवले, तर जमीन थोडीच उलटते? हवेच्या या ओझ्याला शास्त्रात ध्वनिसंरोध म्हणतात.

पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी कर्णे घडवले ते कानाच्या भरवशावर. अठराव्या शतकात बेर्नुली, ऑयलर यांसारख्या गणितज्ञांनी अशा नळ्यांचे गणित मांडले होते. पण ओझे मोजायचे कसे, हे कुणी सांगितले नव्हते. ते काम अमेरिकेतल्या वूस्टर शहरी, क्लार्क विद्यापीठात, आर्थर गॉर्डन वेबस्टर या प्राध्यापकांनी हाती घेतले.

विजेच्या शास्त्रात ‘इंपीडन्स’, म्हणजे संरोध, हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली आणला होता. वेबस्टरांनी तो ध्वनीला लावला. युक्ती अशी : कर्ण्याच्या अरुंद तोंडाशी हवेचा दाब किती चढतो ते पाहायचे, किती हवा आतबाहेर होते ते पाहायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. बोलायला सोपे, करायला अवघड! आजच्यासारखा मायक्रोफोन तेव्हा कुठला? त्यांनी स्वतःच ‘फोनोमीटर’ नावाचे यंत्र बनवले. त्यात ध्वनीने पातळ पडदा थरथरे, त्यावरचा इवलासा आरसा हले, आणि प्रकाशाची रेघ किती सरकली त्यावरून ध्वनीचे माप निघे.

१९१४ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला. पण यंत्रात सुधारणा चालूच होती, म्हणून त्यांनी तो छापायचा थांबवला. छापून आला १९१९ साली. १९२३ साली वेबस्टर वारले. आणि दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, मॅक्सफील्ड आणि हॅरिसन या अभियंत्यांच्या संशोधनावर बेतलेला नवा ग्रामोफोन बाजारात आला. त्याचा कर्णा अंदाजाने नव्हे, संरोधाच्या हिशेबाने आखलेला होता. जुन्या यंत्रातून खर्ज जवळजवळ हरवतच असे. नव्यातून तो ऐकू येऊ लागला. ज्यांनी मापाची वाट दाखवली, ते मात्र तो ऐकायला नव्हते.

हिशेबाचा एक नमुना पाहा. कर्ण्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ दर १९ सेंटिमीटरला दुप्पट होत गेले, तर सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या वरचे स्वर तो नीट पेलतो. त्याखालचे निसटतात. अधिक खर्ज हवा, तर कर्णा आणखी सावकाश रुंदावला पाहिजे. म्हणजेच तो लांब झाला पाहिजे.

आज हे मोजमाप बरेच सोपे झाले आहे. बारीक छिद्रातून ठरावीक प्रमाणात हवा आतबाहेर ढकलतात, तोंडाशी मायक्रोफोनने दाब मोजतात आणि स्वर हळूहळू चढवीत आलेख काढतात. आता खरी गंमत! तुतारीसारख्या वाद्याच्या आलेखात डोंगर आणि दऱ्या दिसतात. वाजवणाऱ्याचे ओठ ज्या स्वरांवर सहज बसतात, ते या डोंगरांच्या माथ्यांजवळच असतात. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याला मात्र डोंगर नकोत, सपाट माळ हवा. नाही तर बोलणाऱ्याचा एक स्वर किंचाळेल आणि दुसरा दबेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, जाड कागदाचे दोन कर्णे करा. एक आखूड आणि झटकन पसरणारा, दुसरा लांब आणि सावकाश पसरणारा. मोबाइलचा ध्वनिक्षेपक आळीपाळीने दोन्हींच्या अरुंद तोंडाशी धरा. फरक मुलांना आधी कानांनी ऐकू द्या, मग पट्टी घेऊन दोन्ही कर्णे मोजायला लावा. कान प्रश्न विचारतो. उत्तर मापाने मिळते.