मुक्तांगण: व्यसन आणि मन एकाच आवारात

पुण्यात कुणी विचित्र वागलं की 'याला येरवड्याला पोचवा' असं लोक सहज म्हणून जातात. येरवड्यात तुरुंग आहे तसंच मनोरुग्णालयही आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी, म्हणजे ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी यांपैकी, हे एक. मंजूर खाटा २,५४०. याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. नवरा पितो किंवा मुलगा गर्द ओढतो हे चारचौघांत कबूल करताना घरच्यांच्या आधीच नाकी नऊ आलेले असत. त्यात उपचार कुठे, तर येरवड्याच्या आवारात! पण मुक्तांगणच्या वाटचालीकडे पाहताना मला ही जागाच फार मोलाची वाटते. आपल्याकडे व्यसनाचा उपचार आणि मनाच्या आजाराचा उपचार अजूनही दोन वेगळ्या दारांमागे चालतो. या संस्थेचा जन्म मात्र एका मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या हातून, मनोरुग्णालयाच्या कुंपणाच्या आत झाला.

त्या बाई म्हणजे डॉ. अनिता अवचट. पती अनिल अवचट यांच्या लेखनातून त्या वाचकांना 'सुनंदा' म्हणून माहीत आहेत. मुक्तांगणमध्ये त्या 'मॅडम' होत्या आणि अवचट 'बाबा'. दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. अवचट डॉक्टरी सोडून लेखनाकडे आणि चळवळींकडे वळले, सुनंदाबाई मनोरुग्णालयात नोकरी करत राहिल्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं, हे अवचटांनी स्वतःच मोकळेपणानं लिहिलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, आली. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या हेरॉइनच्या वाटा बदलल्या आणि एक वाट आपल्याकडून जाऊ लागली. वाटेवर जे सांडलं ते आपल्या वस्त्यांत आणि कॉलेजांत शिरलं. चांदीच्या कागदावर तपकिरी पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर नळीनं ओढायचा. काही आठवड्यांतच पोरगा असा अडकायचा की पूड मिळाली नाही तर अंग मोडून यायचं, नाक-डोळे वाहायचे, पोटात गोळे यायचे. त्या अवस्थेला ही मुलं 'टर्की' म्हणत. घरातली भांडी विकली जायची, आईच्या अंगावरचं सोनं जायचं. अवचटांनी या मुलांमध्ये फिरून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून ते थांबले नाहीत. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानकडून एक लाख रुपये देऊन त्यांनी अवचट दांपत्याला केंद्र काढायला सांगितलं. १९८६ मध्ये एक लाख ही मोठी रक्कम होती, पण त्याहून मोठा होता तो महाराष्ट्राच्या लाडक्या माणसानं गर्दुल्ल्यांच्या पाठीवर ठेवलेला हात.

व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मॅडमनी पहिल्यापासून लावून धरली. आज हे वाक्य भिंतीवरच्या फलकासारखं गुळगुळीत झालंय. त्या काळी मात्र बेवड्याला चोप द्यावा, शपथ घालावी, गंडा बांधावा, नाहीतर लग्न लावून द्यावं, अशीच उपायांची यादी होती. पुढेही 'व्यसनमुक्ती'च्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणारी, उपाशी ठेवणारी केंद्रं देशभर निघाली आणि त्यांच्या बातम्या आजही अधूनमधून येतात. मुक्तांगणमध्ये सुमारे पस्तीस दिवसांचा मुक्काम असतो. आधी शरीरातलं विष उतरवायचं. मग योग, गटचर्चा, समुपदेशन, श्रमदान, गाणी. आणि कामाला बरेचसे कार्यकर्ते असे, की जे एकेकाळी इथेच रुग्ण म्हणून आले होते.

पहिले काही दिवस जवळून पाहण्यासारखे असतात. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काहींची अवस्था एकदम बदलते. माणूस चादरीवरून किडे वेचू लागतो, पण चादरीवर काहीच नसतं. भिंतीवर माणसं दिसतात, समोर बसलेल्या भावाला तो ओळखत नाही, दार उघडून कामावर निघतो. नातेवाईक घाबरून म्हणतात, दारू सोडली आणि वेड लागलं. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. नाडी, रक्तदाब, ताप बघत, योग्य औषध देत ही रात्र काढली नाही तर जीव जाऊ शकतो. ब-एक जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं, इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊन माणसाची स्मरणशक्तीच जाऊ शकते. बाटली आणि मन यांच्यात रेघ ओढता येत नाही, हे अशा रात्री कुणालाही पटावं.

पुढचे आठवडे कमी नाट्यमय असतात, पण निदानाच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचे. नव्यानं दारू सोडलेला जवळजवळ प्रत्येक माणूस उदास असतो. जगावंसं वाटत नाही, भूक नाही, कशात रस नाही. हे नैराश्य दारूनं आणलेलं, की नैराश्यामुळे दारू आली? पहिल्या आठवड्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही. बऱ्याच जणांचं मळभ दोन ते चार आठवड्यांत दारूबरोबर निघून जातं. ज्यांचं जात नाही त्यांना स्वतंत्र आजार असतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार लागतो. म्हणून पस्तीस दिवसांच्या मुक्कामाचा एक उपयोग मला फार मोठा वाटतो: डोकं स्वच्छ झाल्यावर माणूस कसा आहे, हे शांतपणे बघायला तेवढा वेळ मिळतो. अट एकच, बघणाऱ्यांत मन ओळखणारं कुणीतरी असलं पाहिजे. सात दिवसांत सलाईन लावून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी हे घडूच शकत नाही.

असा एक मुलगा कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात आज ना उद्या येतोच. वय बावीस-तेवीस. घरचे सांगतात, संगत वाईट, गांजा ओढतो, रात्री दारू पितो. खोदून विचारलं की कळतं, दहावीनंतर तो एकटा बसू लागला होता, शेजारी आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायचा. कानात येणारे आवाज बंद व्हावेत आणि झोप लागावी म्हणून दारू सुरू झाली. गांजानं आवाज वाढवले. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी मनोरुग्णालयातून बरा करून आणा. मनोरुग्णालयवाले म्हणतात, आधी त्याची दारू सोडवा. दोन दरवाज्यांमध्ये आईबापांच्या चपला झिजतात. आणि घरच्यांची शरम दोन्ही बाजूंनी बोलते. एक आई म्हणते, 'माझा मुलगा पितो हो, पण वेडा नाही.' दुसरी म्हणते, 'त्याला मनाचा त्रास आहे, तो काही बेवडा नाही.' उपचारपद्धतीतली ही फूट निम्मी तरी या दोन वाक्यांतून आली आहे, असं माझं मत आहे.

औषधंही ही फूट मानत नाहीत. स्किझोफ्रेनियातल्या अनेकांना बिडी-सिगारेटची जबर सवय असते. धुरातल्या घटकांमुळे क्लोझापिन हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. तोच रुग्ण केंद्रात आला आणि बिडी अचानक बंद झाली तर त्याच मात्रेनं रक्तातलं औषध वाढतं. तो गुंगतो, लाळ गळते, प्रसंगी फिट येते. बिडी सोडवणाऱ्याला गोळीची खबर नसेल तर चांगल्या हेतूनं केलेलं काम अंगाशी येतं. दारूवरच्या डायसल्फिरामचं तसंच. नवऱ्याला कळू न देता आमटीत, चहात ते मिसळलं जातं. पोटात हे औषध असताना दारू गेली तर जिवावर बेततं, शिवाय ज्याला आधीपासून भ्रम होतात त्याचा आजारही बळावू शकतो.

मुक्तांगणची खरी ताकद व्यसन सोडलेल्यांच्या सोबतीची आहे, आणि या फुटीचा प्रश्न तिथेही येतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्या परंपरेतून देशभरातल्या अनेक गटांत एक कडक समज रुजली आहे: डोक्यावर परिणाम करणारी कुठलीही गोळी म्हणजे नशाच. झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेले इतके लोक पाहिल्यावर ही भीती का रुजली ते समजतं. पण उन्माद आवरणाऱ्या लिथियमच्या गोळीवर सावरलेल्या माणसाला गटातल्या कुणी 'गोळी खातोस मग तू कसला सोबर' म्हणून टोमणा मारला आणि त्यानं गोळी टाकली, की पुढच्या महिन्यात उन्माद आणि मागोमाग बाटली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसनंच आपल्या पत्रिकेत सदस्यांना बजावलं आहे की कुणी कुणाचा डॉक्टर होऊ नये. अनुभवी कार्यकर्ता आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी एकाच माणसाबद्दल एका टेबलावर बोलणं, यावर इथे सगळं अवलंबून आहे. संस्थापक बाई स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि भोवती सावरलेल्या रुग्णांचं कुटुंब, ही मुक्तांगणच्या पायाची घडणच तशी होती.

मॅडमना कर्करोग झाला. आजारपणातही त्यांनी काम सोडलं नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या नावानं मुक्तांगण संघर्ष सन्मान पुरस्कार देतं. थोरली मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून आईच्या कामात उतरली आणि पुढे संचालक झाली. संस्था येरवड्यातच आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत गेली. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट उभा राहिला. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या, पैशाची जमवाजमव करून थकलेल्या बाईच्या मनाचीही विचारपूस कुणी करायला हवी, हे त्यातून मान्य झालं. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' निघालं. बाईचं व्यसन घरात जास्त दडपलं जातं, आणि तिच्या पिण्यामागे नैराश्य, भीती, अत्याचार शोधावेच लागतात, कारण ती स्वतःहून सांगत नाही. गर्दचा जोर ओसरला, दारू होतीच, मोबाइलच्या आहारी गेलेली मुलंही येऊ लागली. 'मुक्तांगणची गोष्ट' अवचटांनी स्वतः लिहून ठेवली आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी तेही गेले.

मुक्तांगणच्या सुरुवातीपासूनचे सोबती डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली: मनाचं आरोग्य हे मूळ काम. दोन संस्थांची माणसं एकमेकांकडे ये-जा करत राहिली. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगाथ या संस्थेनं आणखी वेगळी वाट घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांमध्ये तीव्र नैराश्य असलेले कोण आणि घातक प्रमाणात पिणारे कोण, हे शोधून त्यांना प्रशिक्षित साध्या समुपदेशकांकडे पाठवायचं. हे समुपदेशक मानसशास्त्राची पदवी न घेतलेले स्थानिक लोक होते. पिणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सावरले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. नैराश्याच्या चाचणीत हेच आकडे ६४ आणि ३९ टक्के होते. दोन्ही निष्कर्ष लॅन्सेटमध्ये एकत्रच आले. तालुक्याच्या दवाखान्यात एकच माणूस दोन्ही प्रश्न विचारू शकतो, हे गोव्यानं दाखवून दिलं.

कायदाही आता बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मनोवस्था घेतल्या. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसालाही सन्मानानं, साखळदंडाविना उपचार मिळण्याचा हक्क आहे. सरकारी कारभार मात्र जुन्याच वाटेनं चालतो. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, मनोरुग्णालयं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याकडे. दोन खाती, दोन फायली आणि अनेकदा दोन वेगळे केसपेपर. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. त्या एकालाही मनाचा आजार असेल तर त्याच्या वाट्याला अर्धाच उपचार येण्याची शक्यता जास्त.

मला वाटतं, आता लक्ष घालायला हवं ते पस्तीस दिवसांनंतरच्या काळात. केंद्रातून घरी गेलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यात पाठपुराव्याच्या बैठकीला यायचं असतं आणि गोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं राहायचं असतं. रोजंदारीवरचा माणूस महिन्यातून दोन खाडे करू शकत नाही. तो बैठक धरतो आणि गोळी सोडतो, किंवा गोळी धरतो आणि बैठक सोडतो. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर गोळ्या घेऊन पाठपुराव्याच्या बैठकीच्या जागीच बसला, तर त्याला फार मोठा पैसा लागत नाही. दोन खात्यांनी एकमेकांना एक पत्र लिहावं लागतं, आणि ते प्रत्येक जिल्ह्यात लिहिलं गेलं पाहिजे.