नाव नसलेले तमगे

नववीच्या वर्गाला पहिले महायुद्ध शिकवायला घेतले की मी मुलांना सांगतो, घरात त्या काळातले काही जुने असेल तर विचारून घेऊन या. बहुतेक वेळा कोणी काही आणत नाही. पण एका वर्षी एक मुलगा रुमालात बांधून चांदीचा तमगा घेऊन आला. त्याच्या दादीच्या पानदानात तो कित्येक वर्षे पडून होता. एका बाजूला बादशहा पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. भिंग लावून पाहिले तेव्हा तमग्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसली. मुलाच्या खापरपणजोबांचे नाव त्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचले गेले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, जर्मनवालों के तमगों पर भी नाम होता था क्या?"

मला उत्तर माहीत नव्हते. शिक्षकाने आपले अज्ञान विद्यार्थ्यांपासून लपवू नये, असे बी.एड.ला शिकवतात. म्हणून 'उद्या सांगतो' म्हणालो आणि वाचायला बसलो. तो 'उद्या' काही वर्षे लांबला.

उत्तर असे, की साधारणपणे नसे. जर्मन साम्राज्यातला सर्वांत प्रसिद्ध तमगा म्हणजे आयर्न क्रॉस. १० मार्च १८१३ रोजी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी तो सुरू केला. तो दिवस राजाच्या मरहूम राणीचा, लुईझचा जन्मदिवस होता. सोन्याचांदीऐवजी लोखंड निवडले, कारण देश कंगाल झाला होता आणि लोकांनी दागिने लढाईसाठी दिले होते. पुढे १८७० आणि १९१४ मध्ये हा क्रॉस पुन्हा जारी झाला. पहिल्या महायुद्धात त्याचे दुसऱ्या श्रेणीचे ५० लाखांहून अधिक नग वाटले गेले असा अंदाज आहे. एवढ्या संख्येत नावे कोण कोरणार? काही जणांनी स्वखर्चाने कोरून घेतली, एवढेच.

मग असा तमगा कोणाचा, हे संग्राहक कसे ओळखतात? इथे फितींची पट्टी कामाला येते. जर्मन सैनिक रोजच्या गणवेशावर तमगे लावत नसे. त्यांच्या रंगीत फितींचे तुकडे एका पातळ पट्टीवर ओळीने शिवून छातीवर लावत असे. ही ओळ वाचता आली पाहिजे. आपण उर्दू उजवीकडून वाचतो, मराठी डावीकडून; तशी या फितींचीही एक लिपी आहे.

तिचा पहिला नियम असा की जर्मनी तेव्हा एकसंध देश नव्हता. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्यात २५ घटक राज्ये होती. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग ही चार राजघराणी, अनेक लहान सरदारक्या, आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही तीन स्वतंत्र शहरे. आपल्याकडची संस्थाने आठवावीत. जवळजवळ प्रत्येकाचे आपले तमगे आणि आपल्या फितींचे रंग. साधारणतः आयर्न क्रॉसची काळी-पांढरी फीत आधी, मग स्वतःच्या राज्याचे तमगे, मग इतर जर्मन राज्यांचे आणि शेवटी परदेशी.

एक उदाहरण घेऊ. समजा पट्टीवर चार तुकडे आहेत. पहिला काळा, कडेजवळ पांढऱ्या रेघा. हा लढाऊ सैनिकाचा आयर्न क्रॉस. बिनलढाऊ कामासाठी हेच रंग उलटे होत. दुसरा हॅम्बुर्गचा लाल-पांढरा. हा हान्सेआटिक क्रॉस, जो तिन्ही शहरांनी १९१५ मध्ये सुरू केला. म्हणजे माणूस हॅम्बुर्गचा किंवा तिथल्या पलटणीशी संबंधित. तिसरा पिवळा. पहिल्या कैसरच्या जन्मशताब्दीला, २२ मार्च १८९७ रोजी, नोकरीत असलेल्यांना आणि जुन्या लढायांतल्या सैनिकांना हा तमगा मिळाला. पिवळ्या फितीमुळे लोक त्याला गमतीने 'लिंबू तमगा' म्हणत. म्हणजे १९१४ ला आपला माणूस चांगलाच पोक्त होता. चौथा तुकडा तुर्कस्तानचा. आता पट्टी नावाशिवायही बरेच सांगू लागते. तिच्यात १९३४ चा सन्मान क्रॉस नसेल तर ती बहुधा त्याआधीच शिवलेली आहे, हेही कळते.

अर्थात बाजारात नकली माल भरपूर आहे. खऱ्या आयर्न क्रॉसमध्ये लोखंडी गाभा चांदीच्या दोन चौकटींत बसवलेला असतो. लोहचुंबक चिकटते आणि कडेला जोड दिसतो. साच्यातून एकसंध ओतलेली नक्कल इथेच पकडली जाते. पट्टीचा दोरा अतिनील दिव्याखाली चमकला तर तो अलीकडचा समजावा. शाही टांकसाळीसारख्या उत्पादकांच्या खुणाही कडीवर बारीक अक्षरांत सापडतात.

या छंदाला केवळ हौस म्हणून हसू नये. प्रशियाच्या सैन्याचे दफ्तर पोट्सडाम येथे होते. १४ एप्रिल १९४५ च्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात ते जळाले. बव्हेरियाचे कागद म्युनिकला वाचले, प्रशियाचे गेले. ज्यांचे कागद जळाले त्यांच्या बाबतीत कधी कधी फितींची ओळ आणि अधिकाऱ्यांच्या छापील याद्या एवढाच पुरावा उरतो. दुर्मिळ तमग्यांचा विशिष्ट संच यादीत एकाच अधिकाऱ्यापुढे सापडला की नाव परत मिळते.

आता त्या चौथ्या तुकड्याकडे येतो, कारण तिथे मी थांबलो होतो. जर्मन त्याला 'लोखंडी चंद्रकोर' म्हणत. सुलतान पाचव्या महंमद रशादने १९१५ मध्ये सुरू केलेला हा उस्मानी युद्धतमगा म्हणजे लाल रंगाचा पाच टोकांचा तारा, आत चंद्रकोर, सुलतानाचा तुघरा आणि हिजरी १३३३ हे साल. तुर्कांबरोबर लढलेल्या हजारो जर्मनांनी तो छातीवर मिरवला. बर्लिनच्या जवाहिऱ्यांनीही तो घडवला. त्यावरचे आकडे बहुतेक युरोपीय संग्राहकांना पुस्तकात पाहावे लागतात. माझ्या वर्गातली मुले ते सहज वाचतील.

पण वाचून झाल्यावर मन अस्वस्थ होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला, तेव्हा हिंदुस्थानातले मुसलमान शिपाई इंग्रजांच्या फौजेत होते. इराकमध्ये कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. त्यांना वेढणारे उस्मानी सैन्य फॉन डेर गोल्ट्झ या जर्मन सेनानीच्या हाताखाली होते. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. पराभूत कैदेत गेले. एकाच कलमा पढणारे दोन्ही बाजूंना होते, आणि तमगे मात्र दोघांनाही दुसऱ्यांच्याच बादशाही हिशेबात मिळाले.

तमगा काय सांगतो यापेक्षा काय दडवतो, हेही शिकावे लागते. १९०७ मध्ये कैसरने दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या नामिबियातील, मोहिमेसाठी तमगा काढला. त्यावर 'विजयी योद्ध्यांना' असे लिहिले आहे. फितीवर लढायांची नावे असलेल्या पट्ट्या लागत. त्यांत 'वॉटरबर्ग' आणि 'ओमाहेके' आहेत. संग्राहकाला जास्त पट्ट्या म्हणजे जास्त किंमत. पण ओमाहेके म्हणजे ते वाळवंट, जिथे ऑगस्ट १९०४ च्या वॉटरबर्गच्या लढाईनंतर हेरेरो स्त्री-पुरुष-मुलांना पाण्यावाचून मरायला हाकलले गेले. २ ऑक्टोबर १९०४ रोजी सेनापती फॉन ट्रोथाने त्यांच्या संहाराचा हुकूम काढला. जर्मनीने या कृत्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. मरणाऱ्यांची नावे कोणत्या कडेवर कोरायची?

आणि शेवटची गोष्ट. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख यहुदी जर्मन सैन्यात होते; त्यांपैकी सुमारे १२ हजार मेले. तरीही 'यहुदी आघाडीवर जात नाहीत' अशी कुजबुज चालूच होती. ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्धखात्याने सैन्यातल्या यहुद्यांची वेगळी मोजदाद करण्याचा हुकूम दिला. मोजदाद झाली, युद्ध संपेपर्यंत निकाल जाहीर झाला नाही. संशय तेवढा जाहीर राहिला. १९३४ मध्ये माजी सैनिकांना सन्मान क्रॉस वाटला गेला, तेव्हा तो यहुदी सैनिकांनाही मिळाला. सनदेवर नाव होते हिटलरचे, 'फ्यूररच्या वतीने'. हेच लोक काही वर्षांनी छळछावण्यांत गेले. शौर्यपदके मिळवलेल्यांना थेरेझिएनस्टाट येथे वेगळे नेले, एवढीच सवलत. तिथूनही पुष्कळांना मरणाकडे पाठवले.

आपण अल्पसंख्याक समाजातली माणसे. वफादारीचा पुरावा म्हणून काय दाखवायचे, असा प्रश्न आपल्यालाही अधूनमधून विचारला जातो आणि आपण घरातले जुने तमगे, सनदा, फोटो शोधू लागतो. त्या जपाव्यातच. पण ज्याला मानायचे नाही त्याच्यापुढे लोखंडाचा तुकडा बोलत नाही, हे जर्मन यहुद्यांनी फार मोठी किंमत मोजून जाणले. हक्क कायद्याने मिळतात आणि शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर टिकतात. छातीवरच्या ओळीवर टिकत नाहीत.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी अखेर उत्तर दिले, तेव्हा तो शाळा सोडून आयटीआयला गेला होता. रस्त्यात भेटला, त्याने सलाम केला. मी म्हणालो, "बेटा, जर्मनों के तमगों पर नाम नहीं होता था." तो हसला. "सर, आपको याद है?" मग क्षणभराने त्याने विचारले, "तो फिर उनके घरवाले कैसे पहचानते होंगे?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.