पडद्यावरचे बल्लव आणि त्यांचे प्रेक्षक

बोईसरला लागून असलेले सालवड हे गाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. 1 ऑगस्ट 2014 रोजी हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत सालवडसारख्या आसपासच्या गावांच्या शिवारात पसरली, आणि वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली अशा मूळच्या वस्तीशेजारी राज्याच्या इतर भागांतून व परप्रांतांतून आलेली नोकरदार आणि कामगार कुटुंबे संसार थाटू लागली. ज्या घरात सासू किंवा आई चुलीजवळ नव्हती, तिथे पिढीजात पाककौशल्य हातोहात मिळण्याची वाट बंद झाली होती. गावात मात्र ती वाट शाबूत होती आणि कोणी बाहेरून येऊन आमटी शिकवण्याची गरज नव्हती. दूरचित्रवाणीवरील स्वयंपाकाच्या कार्यक्रमांचा इतिहास या दोन प्रकारच्या घरांना समोर ठेवून वाचला, तर भिन्न शैलींच्या बल्लवांना भिन्न प्रेक्षकवर्ग का लाभला, याचा उलगडा होतो.

या कार्यक्रमांची पूर्वपीठिका छापील पुस्तकांत आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभीचे; कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 सालचे. ‘रुचिरा’चे मोठे वैशिष्ट्य असे की त्यातील प्रमाण घरातल्याच वाटी-चमच्यांत दिलेले होते, त्यामुळे तराजू नसलेल्या बिऱ्हाडातही नवशिकी गृहिणी पुस्तक उघडे ठेवून पुरण शिजवू शकत होती. परंतु पाक एकतारी झाला की दोनतारी, कांदा गुलाबी झाला की तांबूस, हे छापील ओळ सांगू शकते, दाखवू शकत नाही. ही उणीव चित्राने भरून निघणार होती. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तरी पाककृतींना स्वतःचा ठरलेला वार आणि वेळ, स्वतःचा चेहरा आणि त्या चेहऱ्याचा चाहतावर्ग मिळाला तो मुख्यतः खासगी वाहिन्या आल्यानंतर.

1993 साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि मुंबईतील एका मोठ्या हॉटेलचे प्रमुख शेफ असलेले संजीव कपूर घराघरांत पोहोचले. शेफ म्हणजे हॉटेलच्या मुदपाकखान्याचा प्रशिक्षित प्रमुख. तोवर हा माणूस भटारखान्याच्या दारामागे राहत असे. कपूर यांची मांडणी शिक्षकाची होती: साहित्य आधीच वाट्यांमध्ये मांडलेले, कृतीचे टप्पे क्रमाने, बोलणे संथ आणि हसतमुख, शेवटी सजवलेले ताट. घरी पनीर करणाऱ्या गृहिणीला हॉटेलातल्या ग्रेव्हीचे, म्हणजे वाटून परतलेल्या दाट रश्शाचे, गुपित त्यातून कळले. परगावी संसार मांडलेल्या आणि शेजारी पंजाबी व तमिळ कुटुंबे असलेल्या वसाहतीतील घराला असा गुरू सोयीचा होता, कारण तो कोणत्याही एका जातीच्या वा जिल्ह्याच्या चवीला बांधलेला नव्हता.

तरला दलाल यांचा मार्ग याहून निराळा होता. 1966 पासून मुंबईत घरी वर्ग घेणाऱ्या, 1974 साली पहिले पुस्तक काढणाऱ्या आणि पुढे 2007 साली पद्मश्री मिळवणाऱ्या दलाल हॉटेलातून नव्हे, तर घरातून पडद्यावर आल्या. परदेशी पदार्थ शाकाहारात बसवणे ही त्यांची खासियत होती, आणि चुलीची शिस्त न मोडता मुलांच्या नव्या हट्टांना उत्तर शोधणाऱ्या गृहिणीला त्या आपल्यातल्याच वाटत.

मराठी वाहिन्यांनी या दोन साच्यांत आणखी दोहोंची भर घातली. नागपूरचे विष्णू मनोहर यांनी ई टीव्ही मराठीवरील ‘मेजवानी’तून पंगतीच्या आचाऱ्याची परंपरा पडद्यावर आणली. मराठी समाजात आचारी म्हणजे लग्नामुंजीत शेकडो पाने उठवणारा, अंदाजाने मीठ घालणारा आणि गप्पांत पटाईत असा माणूस. मनोहर यांच्या बोलण्यातली अघळपघळ आपुलकी आणि वऱ्हाडी झणका याच मुशीतला आहे. 2017 साली त्यांनी नागपुरात सलग 50 हून अधिक तास स्वयंपाक केला आणि 2018 साली सुमारे 3000 किलो खिचडी शिजवली, तेव्हा लोक कृती टिपून घेण्यासाठी जमले नव्हते. पराक्रम पाहायला जमले होते. याउलट झी मराठीवर 2007 साली सुरू झालेल्या ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये सूत्रसंचालक प्रशांत दामले हे नट, म्हणजे शिकवणारे नव्हे, तर विचारणारे आणि चाखणारे. ओट्यामागे उभी राहणारी व्यक्ती सर्वसामान्य घरातली असे. तिचा हात क्षणभर थबके, दामले एखादा साधासा प्रश्न विचारून तिला सावरून घेत, आणि पहिला घास घेतल्यावर त्यांनी दिलेली दाद ही त्या घराच्या चवीला मिळालेली पावती ठरे.

शैलींची ही विभागणी केवळ मराठी नाही. ब्रिटनमध्ये फॅनी क्रॅडॉक उंची मेजवानीच्या पोशाखात स्वयंपाक करून दाखवत, तर अमेरिकेत 1963 पासून ज्युलिया चाइल्ड बिघडलेला पदार्थ कॅमेऱ्यासमोरच सावरून घेत. पहिलीने प्रेक्षकाला थाटाचे स्वप्न दिले, दुसरीने धीर दिला. यावरून असे दिसते की बल्लवाचा प्रेक्षकवर्ग पदार्थाने जितका ठरतो, त्याहून अधिक तो प्रेक्षकाला कोणती जागा देतो यावर ठरतो. कपूर यांच्यासमोर प्रेक्षक विद्यार्थी असतो, दलाल यांच्यासमोर समान अडचणीतली मैत्रीण, मनोहर यांच्या पंगतीत पाहुणा, आणि दामले यांच्या मंचावर तर स्वतः यजमान. ज्याला शिकायचे आहे त्याला गप्पा लांबण वाटतात, आणि ज्याला सोबत हवी आहे त्याला मापे रुक्ष वाटतात. यात कोणाची अभिरुची हलकी ठरत नाही, गरज तेवढी वेगळी असते.

या चारही जागांबाहेर मात्र सालवडच्या परिसराचे पुष्कळसे अन्न राहते. उकडहंडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, कंद, रताळी मडक्यात भरून त्याचे तोंड पाल्याने घट्ट बंद करतात, मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करून आतल्या जिनसा स्वतःच्याच वाफेवर शिजू देतात. स्टुडिओतील शेगडीवर, जाहिरातींच्या मधल्या ठरावीक मिनिटांत, हे घडत नाही. किनाऱ्यावर वलांडीला, म्हणजे बांबूंच्या आडव्या काठ्यांना, जोडीजोडीने टांगून वाळवलेले बोंबील घरोघरी खाल्ले जातात, पण त्यांचा वास दाखवणे कॅमेऱ्याच्या आवाक्यात नाही, आणि सर्वांच्या घरी चालेल तेच दाखवण्याकडे वाहिनीचा कल असतो. समान चव शोधणाऱ्या माध्यमाने ज्यांच्या हातात परंपरा होती त्यांना प्रेक्षक मानले, जाणकार क्वचितच मानले.

पुढे मोबाइलच्या पडद्यावर ही मर्यादा सैल झाली. मधुरा बाचल यांनी 2009 साली यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली तेव्हा ‘रुचिरा’ची प्रमाणबद्धता नव्या माध्यमात आली, नगर जिल्ह्यातील सुमन धामणे यांनी ‘आपली आजी’ या नावाने गावरान कालवणे दाखवली तेव्हा प्रक्षेपणाचा वेळ, स्टुडिओ आणि प्रमाण भाषा या तिन्ही अटी गळून पडल्या. एखाद्या नगरच्या आजींना जे साधले ते वाडवळ, मांगेला वा वारली स्वयंपाकिणीलाही साधण्याजोगे आहे. संसार नव्याने मांडणाऱ्याला शिक्षक मिळाला, हे दूरचित्रवाणीचे मोठे काम झाले. ज्यांना शिकवण्याची गरज कधीच नव्हती, त्यांनाच आता शिक्षकाच्या जागी उभे करणे हे उरलेले काम आहे, आणि तारापूरच्या कारखान्यांभोवती शेतजमीन व खाजणे आक्रसत असताना ते लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.